वळिवड्याच्या छावणीतल्या शाळाही सांगा

मा. संपादक, स. न.

दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून आलेल्या निर्वासितांसाठी कोल्हापूरजवळ वळिवड्याला जी छावणी होती, तिचा विषय निघाला की कोल्हापूरच्या पाहुणचाराचे कौतुक होते. ते रास्तच आहे. पण त्या लोकांनी इथे येऊन काय केले, हे फारसे कुणी सांगत नाही. मला स्वतःला तीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्यांनी शाळा उभ्या केल्या.

फेब्रुवारी 1940 मध्ये, ऐन थंडीत, सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना घरांतून उठवून मालगाड्यांत कोंबले आणि सायबेरियाच्या वाटेला लावले. जंगलतोडीच्या वसाहतींत भुकेने आणि तापाने माणसे गेली. 1941 मध्ये हिटलरने रशियावर चाल केली, रशियाला पोलंडशी जुळवून घ्यावे लागले, तेव्हा कुठे सुटकेचा मार्ग निघाला. पुढल्या वर्षी कास्पियन समुद्र ओलांडून इराण आणि तिथून भारत. 1943 पासून पंचगंगेकाठच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार जण राहिले, बहुतेक बायका आणि मुले. किती मुलांच्या डोक्यावर आई-बाप उरलेच नव्हते.

मी शिक्षक आहे. एका पावसाळ्याच्या खंडानंतरही मूल वर्गात बसवणे किती अवघड असते, ते रोज पाहतो. इथे तर कित्येकांची वर्षे वाया गेली होती. तरीही बराकींमध्ये प्राथमिक आणि माध्यमिक शाळा भरल्या, धंदेशिक्षण सुरू झाले, स्काउटची पथके निघाली. शिकवणारेही त्याच हद्दपारीतून वाचलेले. पुढे 1945 मध्ये याल्टाच्या परिषदेत मोठ्या राष्ट्रांनी सीमा ठरवल्या आणि यांतल्या बहुतेकांची गावे सोव्हिएत संघात गेली. परतायला घरच राहिले नाही. कुठल्या देशात जायचे याचा पत्ता नसताना ही मुले परीक्षांना बसत होती! त्या आयांचे आणि शिक्षकांचे मला फार अप्रूप वाटते. छावणी उठल्यावर कुणी इंग्लंडला गेले, कुणी ऑस्ट्रेलियाला.

त्याच बराकींत नंतर फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबे आली आणि गांधीनगर वसले. तो इतिहासही इथलाच, पण त्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल.

शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, हे आमच्या मुलांना पाठ असते. त्याच करवीर संस्थानात पाव शतकानंतर भरलेल्या या शाळांबद्दल मात्र विचारले तर वर्ग गप्प बसतो. सप्टेंबर 2019 मध्ये छावणीत वाढलेली काही वृद्ध मंडळी वळिवड्याला येऊन गेली, तेव्हा सत्कार झाले, फोटो निघाले. त्यांच्या वर्गांविषयी कुणी सविस्तर विचारून लिहून ठेवले असेल तर ते जिल्ह्यातल्या शाळांपर्यंत पोचलेले नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की करवीर तालुक्यातल्या शाळांच्या सहली वळिवड्याला न्याव्यात आणि तिथल्या शाळांची माहिती देणारी छोटी मराठी पुस्तिका काढावी. छावणीत दूध-भाजी घालणाऱ्या वळिवडे-चिंचवाडच्या घरांमधली जाणती माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी याच वर्षी ध्वनिमुद्रित व्हाव्यात. आमच्या शाळेतली मुले हे काम करायला तयार आहेत.

— एक शिक्षक, ता. करवीर, जि. कोल्हापूर