बॅटरीचं शिसं घरात वितळवू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमचं घर हिप्परग्याजवळ, धंदा मासेमारीचा, थोडी तलावावर आणि बाकी उजनीला. जाळ्याच्या काठाला लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या आम्ही घरीच ओततो, वडील ओतायचे तसंच मी पण शिकलो.

गेल्या महिन्यात चुलतभाऊ ओतत होता, साचा सकाळी धुतलेला, वरून कोरडा दिसत होता पण आत कुठंतरी थेंबभर पाणी राहिलेलं, पळी ओतली आणि फाटकन उडालं, मनगटावर शिशाचे थेंब चिकटून कातडं गेलं, चष्मा होता म्हणून डोळा वाचला. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, त्यात पाणी सापडलं की त्याची वाफ हजारपटीहून जास्त फुगते. साचा आणि पळी आधी तापवूनच घ्या, कितीही घाई असू दे.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. हल्ली पोरं जुन्या बॅटरीच्या प्लेटा फोडून वितळवतात, स्वस्त पडतात म्हणून. त्यात ॲसिड असतं, अँटिमनी म्हणजे शिसं कडक करणारा धातू असतो, वर जी राखट मळी येते ती नुसती शिशाची पूड. शिवाय ते शिसं कडक, दोऱ्यावर दाबलं की चिरतं. चाकाच्या बॅलन्सिंगला लावतात ती वजनं वितळवावी म्हटलं, तर ती पण आता बरीच जस्ताची येतात. गोळीला मऊ शिसंच पाहिजे, नखानं ओरखडा उठला की समजायचं चांगलं आहे.

आणि ती गोळी दातानं दाबायची सवय, ती आधी सोडा! मीपण वीस वर्षं तेच केलं. लहान पोरं तोंडातून गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषून घेतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आमच्याकडं मळी झाडायची त्याच अंगणात पोरगी रांगायची. आता काम घरापासून लांब, वाऱ्याला पाठ करून, मळी ओल्या फडक्यानं पुसून डब्यात बंद, हात साबणानं धुऊन कपडे बदलल्याशिवाय पोरीला घेत नाही.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, २०२२ च्या नियमानं ती गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवरच आहे. मत्स्य विभागानं गावात येऊन एकदा हे समजावून सांगावं आणि आमच्या पोरांचं रक्त तपासून द्यावं एवढीच मागणी.

ज्या पातेल्यात आम्ही शिसं वितळवायचो ते आईनं एकदा घासून परत चुलीवर ठेवलं होतं. परवा मी ते हातोड्यानं चेपून टाकलं.

एक वाचक, हिप्परगा, सोलापूर