रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं ते खोटं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ताणतणावावरचा लेख वाचला. सकाळी फिरायला जा, आवडते संगीत ऐका, सुटीत निसर्गात जा, असा सल्ला त्यात आहे. चूक काहीच नाही. पण माझे सोलापूरच्या पूर्व भागात औषधाचे दुकान आहे, आणि काउंटरच्या आतून रोज जे दिसते ते त्या लेखात कुठेच नव्हते. म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक अक्का आल्या. विड्या वळतात. मांडीवर सूप, मान खाली, हजार विड्या होईपर्यंत उठायचे नाही. वर छाट, म्हणजे खराब म्हणून बाद होणाऱ्या विड्या, किती निघेल याचा घोर. खांदे दगडासारखे, पोटात जळजळ, रात्री दोनला जाग आणि छातीत धडधड. ईसीजी, रक्त, थायरॉईड सगळे करून झाले. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." घरी सासूबाईंनी त्याचा अर्थ लावला, सून नाटक करते. अक्का मला म्हणाल्या, "अण्णा, रिपोर्टात काय निघालं नाही. मग दुखालंय ते खोटं हाय का?"

खोटे नाही, एवढेच मला सांगायचे आहे. "मनाचं आहे" म्हटले की शरीरात काही घडतच नाही, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस दोन वाटांनी निरोप धाडतो. एक वाट मज्जातंतूंची, क्षणात पोचणारी. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन सुटते, हृदय धावते, स्नायू आवळतात, पचन मंदावते. दुसरी वाट रक्तातून जाणारी, जरा संथ. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीमार्फत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि रक्तातली साखर चढते. मागे कुत्रे लागले तर हे सगळे हवेच (रात्री दुचाकीवरून घरी येणाऱ्या सोलापूरकराला वेगळे सांगायला नको). कुत्रे मागे राहिले की शरीर शांत करणारी परानुकंपी चेतासंस्था नाडी पुन्हा ताळ्यावर आणते. पण बचत गटाचा हप्ता, पोराची फी, उद्याची छाट ही कुत्री मागे राहतच नाहीत. कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि रात्री कमी असावे लागते. ते चक्र बिघडते, झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेनंतर तेच दुखणे दुसऱ्या दिवशी जास्त जाणवते. ईसीजीत यातले काही सापडत नाही, कारण ईसीजी यासाठी नसतोच. तो त्या घडीची हृदयाची विद्युत हालचाल टिपतो.

आमच्या एका यंत्रमाग कामगार गिऱ्हाइकाला हे सांगत होतो. तो म्हणाला, "म्हंजे ताणा लई ओढल्यावानी. मग जिथं धागा कच्चा तिथं तुटतंय." मला याहून बरे सांगता आले नसते. कुणाचे पोट, कुणाचे डोके, कुणाचे बीपी.

१९३६ साली हान्स सेल्ये या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत लिहिले की उंदरांना थंडी, इजा, विषारी द्रव्य असा कोणताही त्रास दिला तरी शरीरात बदल तेच होतात: अधिवृक्क ग्रंथी सुजतात, थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. गंमत म्हणजे तेही संपादकांना लिहिलेले पत्रच होते. मात्र त्यावरून प्रत्येक अल्सर टेन्शनच्या नावावर टाकू नये. माणसातले बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. त्या जंतूच्या शोधाला २००५ चे नोबेल मिळाले. इथे मीही कमी दोषी नाही. मानदुखीची गोळी आणि तिने जळजळते म्हणून अ‍ॅसिडिटीची गोळी, अशी जोडी मी वर्षानुवर्षे न विचारता दिली आहे.

उलट बाजूही आहे. छातीत दुखते आहे, घाम फुटतो आहे, डावा हात भरून येतो आहे, आणि माणूस "टेन्शन असंल" म्हणून माझ्याकडे गोळी मागतो. अशा वेळी आधी दवाखाना, टेन्शनचे नंतर बघू.

अक्कांना मी एवढेच सुचवले की विड्यांचे एक बंडल बांधून झाले की हात थांबवा आणि पाच वेळा श्वास सावकाश, लांबवर सोडा. श्वास सोडताना नाडी जरा मंदावते, मनगटावर बोट ठेवून कुणीही पाहावे. त्यांचे खांदे काही मोकळे झालेले नाहीत. काम तेच, विड्या तेवढ्याच. पण सासूबाई स्वतःच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या तेव्हा त्यांनाही मी सगळे सांगितले. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "मग माझं बीपी बी तसंच का रे?"

शहरातल्या डॉक्टरांना विनंती, की "टेन्शन घेऊ नका" म्हणून चिठ्ठी पुढे सरकवण्याआधी, दुखणे खरे आहे आणि ते असे होते, हे दोन मिनिटे घरच्या माणसांसमोर सांगावे. आणि आपल्याला विनंती, की केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोन सेवा २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे, क्रमांक १४४१६. मराठीबरोबर तेलुगू, कन्नडमध्येही बोलता येते. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणालाच तो माहीत नव्हता. सोन्या-चांदीच्या भावाची चौकट आपण रोज छापता, तिच्या खाली एक ओळ बसेल.

आपला,
एक औषध विक्रेता, पूर्व भाग, सोलापूर