तीन महिन्यांपुरता इतिहास

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईत खासगी एफएम केंद्रे सुरू होऊन दोन दशके उलटली. यांपैकी एखाद्या केंद्राचा इतिहास लिहायला उद्या कोणी बसले, तर ऐकण्याजोगे असे त्याच्या हाती काय लागेल, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. परवान्याच्या सध्याच्या अटींनुसार केंद्राने मागील तीन महिन्यांच्या प्रसारणाचे ध्वनिमुद्रण जपून ठेवायचे असते. एखादी तक्रार आली तर ती पडताळून पाहता यावी, एवढाच या अटीचा हेतू आहे. चौथ्या महिन्यात ते सारे पुसून टाकले, तरी केंद्राला जाब विचारणारे कोणी नाही.

कागदोपत्री इतिहास मात्र बऱ्यापैकी सापडतो. १९९३मध्ये आकाशवाणीने दिल्ली, मुंबई आदी शहरांतील आपल्या एफएम वाहिनीवरचे काही तास खासगी कंपन्यांना भाड्याने दिले. टाइम्स एफएम आणि रेडिओ मिड-डे ही नावे त्या काळातली, आणि ती व्यवस्था १९९८मध्ये बंद झाली. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये दिला होता. पुढे १९९९मध्ये सरकारने ४० शहरांतील १०८ वारंवारितांसाठी बोली मागवल्या. मुंबईसाठी वर्षाला ९.७५ कोटी रुपये शुल्क ठरले आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ होणार होती. साधा चक्रवाढीचा हिशेब केला, तरी दहाव्या वर्षी हा आकडा ३४ कोटींच्या पुढे जातो. जाहिरातींचा बाजार त्या वेगाने वाढेल, अशी अपेक्षा करणाऱ्यांचे धाडस म्हणायचे की भाबडेपणा, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

२००२च्या उन्हाळ्यात रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, गो ९२.५, रेड एफएम आणि विन ९४.६ अशी पाच केंद्रे मुंबईत पाठोपाठ सुरू झाली. विन काही वर्षांतच बंद झाले. 'गो'चे पुढे रेडिओ वन झाले. वाढत्या शुल्काचे जोखड २००५च्या धोरणाने उतरवले आणि त्याऐवजी एकरकमी प्रवेशशुल्क व उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा अशी पद्धत आणली. त्यानंतरच मुंबई-पुण्याबाहेर नागपूर, सोलापूर, सांगली, जळगाव, अकोला अशा शहरांत खासगी एफएम पोहोचले आणि कोल्हापूरकरांना 'टोमॅटो'सारखे स्वतःच्या बोलीतले केंद्र मिळाले. मुंबईच्या केंद्रांवर मराठी गाणे ऐकू येणे मात्र तेव्हा अपूर्वाईचेच होते.

एवढे सगळे लिहिता येते, पण हा झाला धोरणांचा आणि पैशांचा इतिहास. गाणी तर सगळीकडे तीच असतात. केंद्राचे स्थानिकपण असते ते दोन गाण्यांच्या मधल्या बोलण्यात, दुकानांच्या जाहिरातींत, फोन करणाऱ्या श्रोत्यांच्या आवाजात, आणि नेमके तेच कोठे उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी कलिन्याच्या एका कचेरीत सतरा जणांसह अडकलो होतो. मोबाइल लागत नव्हते आणि वीज गेली होती. शिपायाच्या खिशातल्या, दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या रेडिओवर कोणी पाण्यात अडकल्याचे, कोणी घरी सुखरूप पोहोचल्याचे निरोप रात्रभर ऐकू येत होते. खासगी केंद्रांना बातम्या देण्याची तेव्हा मनाई होती. ते निरोप बातम्यांत मोडत होते की नाही, हा प्रश्न त्या रात्री कोणालाच पडला नसावा. त्या रात्रीच्या प्रसारणाला तीन महिन्यांचा हा नियम लावून पाहिला, तर ऑक्टोबर संपता संपता ते जपण्याचे बंधन संपले असे म्हणावे लागेल.

आपल्या वृत्तपत्राला वेगळा न्याय आहे. १९५४चा ग्रंथ-वितरण कायदा १९५६च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांनाही लागू झाला, त्यामुळे ठरवून दिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांकडे अंकाची प्रत पाठवावी लागते आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या 'वर-वधू पाहिजेत'च्या जाहिरातीसुद्धा अभ्यासकाला वाचता येतात. रेडिओसाठी अशी कोणतीही तरतूद नाही. प्रसारण संस्थेचा आपल्या प्रसारणावरील हक्क कॉपीराइट कायद्याप्रमाणे २५ वर्षे टिकतो. म्हणजे २००२च्या प्रसारणावरील हा हक्क २०२७च्या अखेरीस संपेल आणि तोपर्यंत ज्यावर हक्क सांगायचा ती वस्तूच बहुधा शिल्लक नसेल.

साठवणुकीचा खर्च ही सबब आता चालण्यासारखी नाही. स्टुडिओतला लॉगर, म्हणजे प्रसारण आपोआप ध्वनिमुद्रित करणारी यंत्रणा, चोवीस तास चालू असतोच. ६४ केबीपीएस दर्जाच्या ध्वनिमुद्रणाला दिवसाकाठी सुमारे ७०० एमबी, म्हणजे वर्षाला जेमतेम २५० जीबी जागा लागते. एवढी जागा खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कवर मिळते. सगळे जपणे नको असेल, तर प्रत्येक केंद्राने वर्षातून ठरावीक एक आठवडा आणि अतिवृष्टीसारख्या प्रसंगांचे पूर्ण प्रसारण राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे किंवा पुराभिलेखागाराकडे द्यावे. गाण्यांच्या हक्कांची अडचण असेल, तर ते केवळ अभ्यासकांना तेथेच बसून ऐकू द्यावे. २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आहे. त्यांच्या परवान्यात ही अट सुरुवातीपासूनच घालता येईल.

माझ्यापुरते सांगायचे, तर २००२च्या पावसाळ्यात मी टू-इन-वनवर एफएमची गाणी कॅसेटमध्ये भरत असे आणि निवेदक बोलू लागला की टेप वाचवण्यासाठी पॉजचे बटण दाबत असे. आज ऐकावेसे वाटते ते सगळे मी स्वतःच्या हाताने गाळले. एकदाच बटण दाबायचे राहून गेले. त्या कॅसेटच्या बी-बाजूला दादरच्या एका साडीच्या दुकानाची जाहिरात आणि हिंदमाताला पाणी साचल्याने परळकडून येणाऱ्यांनी दुसरी वाट धरावी, अशी हसत केलेली सूचना असा दीड मिनिटाचा तुकडा शाबूत आहे. तो कोणत्या ग्रंथालयाने स्वीकारायचे मनावर घेतले, तर मी कॅसेट स्वतः नेऊन देईन.

आपला,
एक श्रोता
मुलुंड (पूर्व), मुंबई