सज्जनगडाच्या पायऱ्या घासणाऱ्या हातांना

समर्थांच्या समाधीचं दर्शन घेऊन धाब्याच्या मारुतीपाशी उभं राहिलं की उरमोडी धरणाचं पाणी दिसतं आणि समोरच्या डोंगरांवर लाव्ह्याचे थरही मोजता येतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा हा बेसॉल्ट! काळे कडे म्हणजे कठीण थर, मधले उतार मऊ थरांचे.

हाच दगड पावलांनी गुळगुळीत होतो. पावसाळ्यात कडेची चर पाल्यानं तुंबते, पाणी पायऱ्यांवर येतं, शेवाळ धरतं आणि उतरताना माणसं घसरतात. आधी चर मोकळी करून मगच ताठ ब्रशानं शेवाळ खरवडणाऱ्या अनोळखी मंडळींनो, मनापासून आभार. नुसतं घासलं असतं तर शेवाळ पुन्हा आलंच असतं. पावसाळ्यात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे पाय तुम्ही सांभाळलेत.