विषय: आरव्हीजी (दातांच्या डिजिटल एक्सरेच्या) सेन्सरवरची काळी रेघ, पाचवी तक्रार (आणि नाणं हललं नव्हतं)

सर्व्हिस मॅनेजर यांना,

आत्ता सव्वाबाराला तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि तशीच लिहायला बसलेय. डोकं थंड झालं की मी परत "कृपया लक्ष घालावे" असलं काहीतरी लिहीन, आणि ते चार वेळा लिहून झालंय.

साइज २ चा सेन्सर, १४ महिन्यांपूर्वी घेतलेला, वॉरंटी २ वर्षांची. गेले सहा आठवडे प्रत्येक इमेजमध्ये एक बारीक काळी रेघ येते, सेन्सरच्या लांबीच्या दिशेनं, जरा एका बाजूला, आणि एका कोपऱ्यात दाणेदार डाग. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. वरच्या पुढच्या दाताचा एक्सरे काढताना सेन्सर उभा असतो तर रेघ उभी, दाढेचा काढताना सेन्सर आडवा तर रेघ आडवी. यावरूनच तुमच्या माणसाला कळायला हवं होतं की रेघ तोंडात नाही, सेन्सरमध्ये आहे. पण नाही. त्यांनी मला पीडीएफ पाठवली.

ती पीडीएफ! "चांगला डेंटल एक्सरे कसा ओळखावा आणि नेहमीच्या चुका." मी सतरा वर्षं प्रॅक्टिस करतेय, सिंहगड रोडला दवाखाना आहे, आणि मला शिकवतायत की पेरिएपिकलमध्ये, म्हणजे मुळासकट अख्ख्या दाताच्या एक्सरेमध्ये, मुळाचं टोक दिसलं पाहिजे आणि त्याच्या पलीकडे २-३ मिमी हाड दिसलं पाहिजे. आभारी आहे. तरी वाचली, पूर्ण वाचली, तुमच्याच पीडीएफनं तुम्हाला उत्तर देता यावं म्हणून. इलाँगेशन? ट्यूबचा उभा कोन कमी पडला की दात लांबुडका दिसतो, माझे दात मापात आहेत. फोरशॉर्टनिंग? कोन जास्त झाला की दात बुटका होतो, तेही नाही. ओव्हरलॅप? आडवा कोन चुकला की शेजारच्या दातांच्या कडा एकमेकांवर चढतात, माझ्या बाइटविंगमध्ये (वरखालच्या दाढांच्या एकत्र एक्सरेमध्ये) दातांमधले सगळे कॉन्टॅक्ट मोकळे आहेत, बघा, जोडलेत. कोन कट, म्हणजे ट्यूबचं नळकांडं (इंग्रजी 'कोन') नीट न लागून चित्राचा भाग कापला जाणं? माझं नळकांडं गोल आहे, कोन कट झाला तर गोलाकार कडेची पांढरी जागा येईल, सरळ काळी रेघ कशी येईल? पेशंट हलला? मग सगळं चित्र धूसर होतं, एकटी रेघ उठत नाही. सेन्सर उलटा ठेवला? उलटा ठेवला तर दातांचं धड चित्रच येत नाही हो, मागच्या वायरीचा भाग दिसतो. तुमच्या यादीतली एकही चूक ह्या रेघेला लागू पडत नाही, आणि जी पडते, सेन्सर खराब, ती तुमच्या पीडीएफमध्ये नाहीच. कमाल आहे.

आता आजचा फोन. कृपया रेकॉर्डिंग काढून ऐका, "गुणवत्तेसाठी रेकॉर्ड केला जातोय" असं तुमची बाई दर वेळी सांगतेच.

मी त्या मुलाला सांगितलं की काल रात्री पेशंट गेल्यावर मी सेन्सर टेबलावर ठेवला, वर काहीही न ठेवता एक एक्सपोजर दिलं. एकसारखं चित्र यायला हवं, आली रेघ. मग त्यावर पाच रुपयांचं नाणं ठेवलं. परत काढला. नाणं पांढरं, त्यातनं किरणं जातच नाहीत ना, आणि त्या पांढऱ्या गोलावरनंसुद्धा काळी रेघ गेलीये. जिथं किरण पोचलाच नाही तिथं काळं कसं झालं, सांगा. नाणं तीन ठिकाणी सरकवून पाहिलं, नाणं प्रत्येक वेळी दुसरीकडे, रेघ जागच्या जागी. हे सगळं मी शांतपणे सांगितलं, खरंच शांतपणे, माझी असिस्टंट साक्षीला आहे. तो म्हणाला, "ओके मॅडम, एक मिनिट." होल्डवर ती सनई. चार मिनिटांनी परत आला आणि म्हणाला,

"मॅडम, नाणं हललं असेल."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, काय? तर म्हणे "एक्सपोजरच्या वेळी ऑब्जेक्टची मूव्हमेंट झाली तर इमेज क्वालिटीवर परिणाम होतो मॅडम." मी म्हटलं, अरे बाळा, ते नाणं आहे. त्याला गुदमरल्यासारखं होत नाही, उलटीची भावना येत नाही, ते टेबलावर पडलेलं आहे. तर म्हणाला "तरी पण मॅडम, होल्डर वापरला होता का?" होल्डर तोंडात सेन्सर धरून ठेवायला असतो. नाण्याला होल्डर! मग मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं, तर "सीनियरनी". म्हणजे तुमच्याकडे असा एक सीनियर बसलाय. आणि शेवटी, "मॅडम, तुम्हाला ट्रेनिंग व्हिडिओची लिंक पाठवू का?" मी फोन ठेवला. ठेवला नसता तर जे बोलले असते ते इथं लिहिता येणार नाही.

मुलाचा राग नाही, त्याच्यासमोर यादी ठेवलीये, तो वाचतो. राग यादी ठेवणाऱ्यांचा आहे.

आणि हे नुसतं दिसायला वाईट एवढंच नाहीये. पंधरा दिवसांपूर्वी एक आजी आल्या, वरचा पुढचा दात दुखतोय म्हणून. इमेजमध्ये मुळावरनं उभी काळी रेघ. माझ्या पोटात गोळा आला, मूळ उभं तडकलं असेल तर बहुतेक दात काढायलाच लागतो. ट्यूबचा आडवा कोन बदलून परत दोन एक्सरे काढले. खरा तडा असेल तर कोन बदलला की तो सरकतो, नाहीसा होतो, कारण किरण त्याच्या सरळ रेषेत गेला तरच तो नीट दिसतो. इथं चित्रात दात सरकला आणि रेघ तिथंच. तेव्हा कळलं. त्या आजींना दोन एक्सरे फुकटचे गेले, तुमच्यामुळे. एक्सरे ट्यूब एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळाकडे) माझ्या नावावर आहे, पेशंटला जास्तीचा डोस गेला तर उत्तर मी द्यायचं, तुमच्या पीडीएफनं नाही.

मधे तुमचा अजून एक सल्ला, "एक्सपोजर वाढवून बघा." वाढवलं. ०.१६ वरनं ०.२५ सेकंद. दातांच्या माना जळाल्यासारख्या काळ्या झाल्या, रेघ तशीच. कॅलिब्रेशन फाइल परत टाकली, सिरीयल नंबर जुळवून. रेघ तशीच. दुसरा लॅपटॉप, दुसरा पोर्ट, रेघ तशीच.

इंजिनीयर एकदा आला होता हेही लिहिते, नाहीतर म्हणाल सेवा दिली. मी सांगितलं होतं गुरुवारी येऊ नका, आमच्याकडे गुरुवारी दुपारपर्यंत लाईट नसते. तो गुरुवारी आला. अकरा वाजता. अंधारात वायर हातात घेऊन बघितली आणि "केबल बेंड आहे, फिजिकल डॅमेज" असं रिपोर्टमध्ये लिहून गेला. केबल वाकणारच ना, ती तोंडात घालायची वस्तू आहे, भिंतीवर टांगायची नाही. आणि केबल खराब असती तर चित्र मधेच गायब झालं असतं, रोज त्याच जागी एकच रेघ आली नसती. पण त्या एका ओळीवर तुम्ही मला वॉरंटीबाहेर काढून "बाय-बॅक ऑफर" देताय. म्हणजे तुमचा बिघडलेला माल मी तुम्हालाच स्वस्तात विकायचा आणि नवीन तुमच्याकडूनच घ्यायचा.

वाईट वाटतं, खरं सांगते. तुमचा पहिला सेन्सर मी ८ वर्षं वापरला, तेव्हा फोन उचलणारा माणूस इमेज बघून दोन मिनिटांत सांगायचा काय झालंय. त्याच भरवशावर दुसरा घेतला, दोन मैत्रिणींनाही घ्यायला लावला. त्या आता मला विचारतात, मी काय सांगू?

सेन्सर बदलून हवा आहे. दुरुस्ती नको, ऑफर नको, लिंक तर नकोच. सात दिवस. नाहीतर ग्राहक आयोगात जाईन, आणि "व्यावसायिक वापर" म्हणून टोलवू नका, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरणाऱ्यालाही ग्राहक मानतात हे मी विचारून ठेवलंय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आजच टाकतेय.

नाण्याच्या तिन्ही इमेज सोबत आहेत. सीनियरना दाखवा. माणूस पाठवायचा असेल तर आधी फोन करा, गुरुवार सोडून.