कॉलरबोन जुळल्याशिवाय खेळाडूला मैदानात उतरवू नका

संपादक महोदय,

कोल्हापूरच्या फुटबॉल हंगामात कॉलरबोन मोडलेले खेळाडू उपचारासाठी येतातच. हेडरसाठी उडी घेतलेला खेळाडू धक्का लागून खांद्याच्या टोकावर आपटला, की हासळीचे हे हाड बहुधा मधोमध मोडते. उपचार बहुतेकांचे नीट होतात, घोळ होतो तो मैदानात परतताना. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दुखणे थांबते, हात वर जाऊ लागतो, आणि तालमीचा, म्हणजे आपल्या संघाचा, मोठा सामना तोंडावर असतो. पण तेव्हा मोडलेल्या जागी तयार झालेले नवे हाड अजून कच्चे असते. पुन्हा त्याच खांद्यावर पडले की तिथेच मोडते.

मैदानावर हात ओढून ‘खांदा बसवण्याचा’ प्रयत्न कोणीही करू नये. कोपर काटकोनात ठेवून त्रिकोणी पट्टीची झोळी गळ्यात बांधावी. बोटे बधिर किंवा गार पडली, श्वास घेताना त्रास झाला, किंवा हाडाच्या टोकाने कातडी ताणून पांढरी पडली, तर थेट रुग्णालय गाठावे.

झोळी साधारण तीन-चार आठवडे पुरते. पाठीवरून बांधायच्या आठच्या आकाराच्या पट्ट्याने हाड अधिक चांगले जुळते असे नाही, उलट काखेत दाब येऊन हाताला मुंग्या येतात. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवावे, नाहीतर कोपर आखडते. दुखणे सोसेल तसे दुसऱ्या आठवड्यापासून पुढे वाकून हात लोंबता ठेवायचा आणि हलके झोके द्यायचे. सहा आठवडे हात खांद्याच्या वर नेऊ नये, वजन उचलू नये. दम टिकवायला एका जागी बसवलेली सायकल चालवावी. धावण्याचे हिसके मात्र सुरुवातीला टाळावेत.

तेल लावून मालीश करण्याची घाई अनेक घरांत होते. त्याने न जुळलेली टोके सरकतात. तंबाखू तर पूर्ण बंद हवी, मग ती ओढायची असो वा चघळायची. निकोटिनमुळे हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जुळणे लांबते.

टोके एकमेकांपासून पूर्ण सरकली असतील, दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त एकमेकांवर चढली असतील किंवा हाडाचे तुकडे झाले असतील, तर शस्त्रक्रियेबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी जरूर बोलावे. कॅनडात 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे सरकलेले हाड धातूची प्लेट बसवल्यावर सरासरी 16 आठवड्यांत जुळले, नुसत्या झोळीने 28 आठवड्यांत. झोळीच्या 49 रुग्णांपैकी 7 जणांचे हाड जुळलेच नाही, प्लेटच्या 62 पैकी 2 जणांचे. याचा अर्थ ‘प्लेट आहे, आता खेळ’ असा कोणी घेऊ नये. जोरात आपटल्यास प्लेट वाकते, किंवा तिच्या टोकाशी हाड मोडते. प्लेट टोचते म्हणून काढायची झालीच तर साधारण वर्षभर थांबावे. काढल्यावरही स्क्रूची भोके भरेपर्यंत धक्काबुक्कीचा खेळ नको.

परतण्याचा निकष कॅलेंडर नसावा. दाबल्यावर दुखू नये, हात सगळीकडे पूर्ण फिरावा, ताकद दुसऱ्या खांद्याच्या जवळपास यावी आणि एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसावे. मग जोर काढणे, थ्रो-इन, गादीवर पडण्याचा सराव आणि शेवटी अंगावर येणारा खेळ, याच क्रमाने. प्रौढ खेळाडूला याला बहुधा तीन महिने लागतात. हात ताणून झेपावणाऱ्या गोलकीपरला त्याहून जास्त. लहान मुलांचे हाड लवकर जुळते, पण तपासणी त्यांचीही व्हावी.

स्पर्धा भरवणाऱ्यांना आणि तालमींना विनंती आहे: हाड मोडलेल्या खेळाडूचे नाव यादीत घालण्याआधी ताजा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी दिलेली लेखी परवानगी मागा. आणि प्रत्येक सामन्याला प्रथमोपचाराच्या पेटीत दोन त्रिकोणी पट्ट्या ठेवा.

– एक क्रीडा फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर