पोरांच्या हातात झाडूच का, चेक पण द्या की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉलेजच्या पोरांना समाजकार्य शिकवायचं म्हटलं की आपल्याकडे ठरलेला कार्यक्रम असतो, एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) सात दिवसांचा कॅम्प, श्रमदान, पथनाट्य, वृक्षारोपण आणि शेवटच्या दिवशी सरपंचांच्या हस्ते समारोप. एनएसएस 1969 पासून चालू आहे, दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात, त्यातून चांगली माणसं घडलीत आणि मी त्याला अजिबात नावं ठेवत नाहीये. पण नव्या शैक्षणिक धोरणात कम्युनिटी एंगेजमेंटला, म्हणजे लोकांत जाऊन केलेल्या कामाला, क्रेडिट (अभ्यासक्रमात धरले जाणारे गुण) मिळायला लागल्यापासून आमच्यासारख्या छोट्या सामाजिक संस्थांकडे पोरांचे घोळके येतात, बिस्किटाचे पुडे वाटतात, बॅनर धरून फोटो काढतात, सही-शिक्क्याचं पत्र घेतात आणि निघतात. संस्थेचं भागतं कसं, पगार होतात का, हे एकजण विचारत नाही. म्हणून मला वाटतं, पोरांच्या हातात थोडे पैसेच द्यावेत आणि ते कुठल्या संस्थेला द्यायचे हे त्यांनाच ठरवू द्यावं.

अमेरिकेत केंटकी राज्यात, सिनसिनाटी शहराच्या नदीपलीकडे नॉर्दर्न केंटकी युनिव्हर्सिटी आहे. तिथे 2000 सालापासून मेयरसन फाउंडेशनच्या मदतीने एक वेगळाच प्रकार चालू झाला. एखाद्या वर्गाला सेमिस्टरच्या सुरुवातीलाच काही हजार डॉलर देतात आणि सांगतात, हे आपल्या भागातल्या संस्थांना द्यायचेत, कुणाला ते तुम्ही ठरवा. वर्ग समाजकार्याचाच पाहिजे असं काही नाही, इंग्रजीचा, नाटकाचा पण चालतो. मग पोरं आधी कुठला प्रश्न घ्यायचा ते ठरवतात, अर्ज मागवतात, हिशेब बघतात, संस्थेत जाऊन येतात, वर्गात कडाकडा भांडतात आणि शेवटी मतं घेऊन निकाल लावतात. पैसे खरे असतात, त्यामुळे भांडण पण खरं असतं.

अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरेन बफे यांची थोरली बहीण डोरिस बफे, 2020 मध्ये गेल्या त्या, त्यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांची 'लर्निंग बाय गिव्हिंग' नावाची संस्था वेगवेगळ्या कॉलेजांतल्या अशा कोर्सना 10 हजार डॉलरपर्यंत द्यायची. भावाकडे मदत मागणारी जी पत्रं यायची ती तो बहिणीकडे पाठवायचा आणि ही बाई मदतीला बायका बसवून ती वाचून काढायची. म्हणजे पैसा वाटणं हे पण बसून करायचं काम आहे, हे त्या बाईला पक्कं माहीत होतं.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट कुठली वाटते सांगू का, पोरांना 'नाही' म्हणावं लागतं. दहा अर्ज आलेत, दहाही कामं चांगली आहेत, पैसे एकालाच किंवा दोघांनाच पुरणार. एकीकडे मतिमंद मुलांची शाळा, दुसरीकडे ऊसतोड कामगारांच्या पोरांचं वसतिगृह, काय करणार? झाडू मारताना हा प्रश्न येतच नाही.

आणि हिशेब वाचायला शिकतील ते वेगळंच. आमचा ऑडिट रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी जातो, पण वाचतं कोण? बी.कॉम.च्या पोराला ताळेबंद परीक्षेपुरता येतो. त्याच्यासमोर एखाद्या खऱ्या ट्रस्टचं उत्पन्न-खर्च पत्रक ठेवा आणि विचारा, पगारावर जास्त खर्च झालाय म्हणजे संस्था वाईट का? आधी हो म्हणेल. मग त्याला कळेल की अंध मुलांना ब्रेल शिकवणारी बाई म्हणजेच तो पगार, तिला काढलं तर संस्थेत उरेल काय, भिंती? देणगीदार सुद्धा इथेच चुकतात, पंखा देतील, वॉटर कूलर देतील, वर स्वतःचं नाव रंगवून घेतील, पण पगाराला पैसे मागितले की तोंड फिरवतात.

आता लगेच लोक म्हणतील पैसा कुठून आणायचा. अहो गॅदरिंगच्या डीजेला किती जातात ते बघा एकदा. माजी विद्यार्थी संघ आहेत, 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले 2 टक्के सीएसआरला, म्हणजे समाजोपयोगी कामांना, द्यावे लागतात. एका वर्गाला 25 हजार मिळाले तरी सेमिस्टर चांगलं रंगेल. वशिला चालेल ही भीती मात्र खरी आहे, मामाची संस्था, नगरसेवकाची संस्था, जातवाल्यांची संस्था, सगळं येणार. म्हणून ज्याचं नातं आहे त्याने मतदानाला बसायचं नाही, चेक थेट संस्थेच्या नावाने निघणार आणि सरांनी मधे बोट घालायचं नाही. हे शेवटचंच सगळ्यात अवघड आहे असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र अमेरिकेची आहे तशी उचलू नका. 25 हजारासाठी दहा संस्थांनी लांबलचक प्रोजेक्ट प्रपोजल लिहायचं आणि नऊ जणांनी हात हलवत परत जायचं हे आम्हाला परवडत नाही. आमच्याकडे फॉर्म भरायला वेगळा माणूस नसतो, जो पोरांना जेवायला वाढतो तोच रात्री फॉर्म भरतो. एका पानाचा अर्ज ठेवा, बाकीची माहिती पोरांनी येऊन स्वतः काढावी, त्यांना क्रेडिट त्याचेच तर मिळणार आहेत.

आमच्या तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजने हे करायचं ठरवलं तर आमचा ऑडिट रिपोर्ट बघायला खुशाल या, व्हाउचर सुद्धा दाखवतो. पैसे दुसऱ्या संस्थेला दिले तरी चालेल, फक्त आम्हाला का नाही दिले ते दोन ओळीत लिहून पाठवा. आजपर्यंत एकाही देणगीदाराने ते सांगितलेलं नाही.

आपला,
एका छोट्या संस्थेचे हिशेब लिहिणारा वाचक, जि. सातारा